खापर हवेवर, बिघाड पिशवीत

लोकेशन साउंडच्या क्षेत्रात गेल्या पाच-सहा वर्षांत एक मत चांगलंच रुजलं आहे. वायरलेस डिजिटल झालं, रेकॉर्डर ३२-बिट फ्लोटचे झाले, ट्रान्समीटर स्वतःच्या पोटातच रेकॉर्डिंग करू लागले आणि सगळं काही यूएसबी-सीवर चार्ज होतं. तेव्हा पिशवीतलं नेटकं वायरिंग, वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर, लॉक होणारे कनेक्टर, जाड वायर, गोंगाट शोषणारे फेराइटचे मणी हा सगळा जुन्या साउंडवाल्यांचा सोवळेपणा आहे, असं हे मत म्हणतं. टेकच्या मध्येच आवाज तुटला तर त्याचं उत्तरही तयार असतं: इथे रेंज नाही, हवेत फ्रिक्वेन्सींची गर्दी आहे, जास्त ताकदीचा ट्रान्समीटर घ्या. हे मत मांडणारे बहुतेक जण मेहनती आणि जाणते असतात, त्यामुळे त्याला मुद्देसूद उत्तर देणं भाग आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. वायरलेसचा पल्ला आणि भरवसा यांचा मोठा भाग पिशवीतल्या विजेवर आणि तिच्या वायरिंगवर ठरतो. साधनं डिजिटल होत गेली तसा हा भाग वाढला आहे.

आधी त्या मताची खरी बाजू. २०१९ साली रोडचा वायरलेस गो आला आणि त्यानंतर २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या छोट्या संचांची रांग लागली. मुलाखती, लग्नं, छोट्या डॉक्युमेंटरी, एकट्याने कॅमेरा आणि आवाज सांभाळणारे पत्रकार, या सगळ्यांना त्यांनी परवडणाऱ्या किमतीत स्वच्छ आवाज दिला. अ‍ॅनलॉग वायरलेसमध्ये आवाज आधी दाबून मग फुलवणारा कंपँडर असे. पूर्ण डिजिटल जोडणीत बहुतेक ठिकाणी तो नसतो आणि फरक कानाला कळतो. एक माणूस, एक कॅमेरा आणि मध्ये सहा-सात फुटांचं अंतर असेल, तर पिशवीचा प्रश्नच येत नाही. पण तिथला अनुभव उचलून फिक्शनच्या सेटवर लावला जातो, आणि गडबड तिथे होते. सहा-आठ पात्रांच्या अंगावर ट्रान्समीटर असतात. रेकॉर्डिस्टच्या पिशवीत रेकॉर्डर, तीन-चार ड्युअल रिसीव्हर, कॅमेऱ्याकडे आवाज पाठवणारा हॉप, दिग्दर्शकाच्या कानासाठी आणखी एक ट्रान्समीटर आणि टाइमकोड बॉक्स असतो. शिफ्ट बारा तासांची असते. वीतभर जागेत आठ-दहा इलेक्ट्रॉनिक वस्तू एकमेकींना चिकटून बसतात, आणि त्यांतल्या निम्म्या अतिशय क्षीण लहरी ऐकण्याचा प्रयत्न करत असतात.

किती क्षीण, ते पाहू. साध्या तापमानाला उष्णतेमुळेच प्रत्येक हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम एवढा नॉइज असतो. तो कोणालाच टाळता येत नाही. २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये हा तळ उणे १२१ डीबीएमवर येतो. एका मिलिवॅटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही ही शक्ती कमी आहे. रिसीव्हर या तळाच्या थोडं वर काम करतो. आता दुसरी गोष्ट: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरीची ताकद ६ डेसिबलने उतरते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की हिशेब सरळ आहे. पिशवीतल्याच एखाद्या वस्तूने रिसीव्हरपुढचा नॉइज ६ डेसिबलने वाढवला, तर पल्ला निम्म्यावर येतो. समोर कोणी नवा मोबाइल टॉवर उभारलेला नसतो आणि ट्रान्समीटरही तोच असतो, तरी साठ मीटरवर चालणारी जोडणी तीस मीटरवर तुटू लागते. हा तोटा ट्रान्समीटरच्या जोरावर भरून काढायचा तर ५० मिलिवॅटच्या जागी २०० मिलिवॅट हवेत. त्यात कलाकाराच्या कमरेवरचे सेल लवकर संपणार, पॅक तापणार, आणि शेजारच्या ट्रान्समीटरशी मिसळून तयार होणाऱ्या नकोशा फ्रिक्वेन्सीही बळावणार. ५० चे १०० मिलिवॅट केले तर हाती लागतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे पल्ल्यात दीडपटीहूनही कमी वाढ. ‘जास्त ताकदीचा ट्रान्समीटर घ्या’ हा सल्ला महाग आहे आणि त्यातून मिळतं थोडं. पिशवीतला गोंगाट ६ डेसिबलने खाली आणणं हे चौपट ताकद विकत घेण्याइतकं मोलाचं आहे, आणि त्यासाठी बहुतेक वेळा काही मीटर चांगली वायर आणि थोडा वेळ लागतो.

हा गोंगाट येतो कुठून? बॅटरीचे १४ व्होल्ट रेकॉर्डरला, रिसीव्हरला किंवा ५ व्होल्टवर चालणाऱ्या टाइमकोड बॉक्सला हवे तसे करून देणारे कन्व्हर्टर सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद करतात. त्या चालू-बंदच्या कडा जितक्या तीव्र, तितक्या त्या चालू-बंदच्या वेगाच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी वर वर जातात, पार शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत, जिथे आपले यूएचएफ रिसीव्हर बसलेले असतात. चांगल्या कन्व्हर्टरमध्ये याला फिल्टर आणि पत्र्याचं कवच असतं. बाजारात पाचपन्नास रुपयांना मिळणाऱ्या उघड्या पट्टीत ते नसतं. कन्व्हर्टर स्वतः छोटा असतो, पण त्याला जोडलेली वायर अँटेनाचं काम करते. ५५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास येते. पिशवीत सैल सोडलेल्या पॉवर केबलची लांबी नेमकी याच घरातली असते. म्हणूनच वायर किती लांब ठेवली, कुठून नेली, फेराइटचा मणी गोंगाट करणाऱ्या टोकाला लावला की दुसऱ्या, या बाबी सजावटीच्या नाहीत. केबलवर कुठेही मणी चढवला म्हणजे काम झालं, असंही नाही. तो उगमाजवळ नसेल तर मधली केबल लहरी फेकतच राहते.

कोणाला ही नुसती भीती वाटत असेल तर २.४ गिगाहर्ट्झचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१२ साली इंटेलने यूएसबी ३.० च्या रेडिओ-गोंगाटावर एक टिपण प्रसिद्ध केलं. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला नॉइज जवळपास २० डेसिबलने वर गेल्याचं त्यांच्या मोजणीत दिसलं. वीस डेसिबल म्हणजे मोकळ्या जागेत दहावा हिस्सा पल्ला. आणि आज कॅमेऱ्याच्या पिंजऱ्यावर काय दिसतं? एका बाजूला यूएसबीवर एसएसडी, आणि चार बोटांवर २.४ गिगाहर्ट्झचा छोटा रिसीव्हर. मग आवाज तुटला की आसपासच्या वायफायला दोष दिला जातो. इंटेलच्या त्या टिपणात उपायही साधे होते: कवच नीट करा, अँटेना उगमापासून दूर न्या. दोन्ही उपाय वायरिंगचेच आहेत.

याची परीक्षा कोणालाही करता येते, आणि मतभेद मिटवायला ती पुरेशी आहे. आज बऱ्याच रिसीव्हरमध्ये स्कॅन करून पट्ट्यातली गर्दी दाखवण्याची सोय असते. सगळे ट्रान्समीटर बंद ठेवून फक्त रिसीव्हर आणि बॅटरी चालू करा आणि स्कॅन घ्या. मग रेकॉर्डर लावा, पुन्हा स्कॅन. मग टाइमकोड बॉक्स, मग मॉनिटर, मग पॉवर बँकेवर चालणारी ती एक वस्तू. एखाद्या टप्प्यावर आलेखाचा तळ सरसकट वर उचलला जातो किंवा ठरावीक अंतरावर टोकं उभी राहतात. मोबाइल टॉवर आणि दूरदर्शनचं प्रक्षेपण पिशवीतलं बटण दाबल्यावर येत-जात नाही. जे बटणासोबत आलं ते पिशवीचं. ही कसोटी न करता हवेवर ठपका ठेवणं म्हणजे चौकशीआधीच निकाल देणं.

हवेत गर्दी नाही असं मी म्हणत नाही. २०२२ च्या लिलावानंतर ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे मोबाइल सेवेसाठी वापरात येऊ लागला. अमेरिकेत जुलै २०२० पासून ६०० मेगाहर्ट्झचा मोठा भाग वायरलेस माइकना बंद झाला. जागा आकसते आहे, हे खरं. पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या बाजूचा आहे. मोकळी जागा मुबलक होती तेव्हा पिशवीतला गोंगाट चुकवून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सरकता येत असे. आता सरकायला जागा कमी, त्यामुळे आपल्या हातातला गोंगाट कमी करणं हाच मार्ग उरतो. हवा आपल्या ताब्यात नाही, पिशवी आहे.

विजेकडे वळू. इथे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं ते साध्या वायरच्या जाडीकडे. २८ गेजच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास असतो. बॅटरीपासून डिस्ट्रिब्यूटरपर्यंत मीटरभर केबल असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे सुमारे ०.४३ ओहम. पिशवीचा एकूण भार २४ वॅट धरू. आतले कन्व्हर्टर व्होल्टेज उतरलं की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी जास्त करंट ओढतात, हे ध्यानात घेऊन हिशेब केला तर बॅटरी ११ व्होल्टवर आलेली असताना पिशवीला पोचतात १० हूनही किंचित कमी. एक व्होल्टहून जास्त आणि अडीच वॅट निव्वळ केबल तापवण्यात गेले. रेकॉर्डर १० व्होल्टला बंद पडण्याचं सेटिंग असेल तर बॅटरीत चार्ज शिल्लक असताना तो बंद होणार, आणि शेरा पडणार की बॅटरी खराब आहे. तीच केबल २२ गेजची केली तर घट पाव व्होल्टच्या आत येते. बॅटरी तीच, साधनं तीच, फक्त तांबं बदललं. शिवाय करंट एकसारखा नसतो. एखादा ट्रान्समीटर चालू झाला, कार्डावर लिहिणं सुरू झालं की क्षणिक झटका येतो. पातळ वायरवर तोच झटका व्होल्टेजचा खड्डा होतो आणि त्याच वायरवर बसलेल्या प्रत्येक साधनाला जाणवतो.

कनेक्टरची गोष्ट याहून बारीक. गोल बॅरल प्लगचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असतो, पण आतली पिन २.१ ची असते किंवा २.५ ची. दिसायला दोन्ही सारखे. २.१ चा प्लग २.५ च्या पिनेवर बसतच नाही, त्यामुळे तिथे चूक लगेच कळते. उलट बाजू घातक आहे: २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर आरामात बसतो, साधन चालू होतं, टेबलावर सगळं ठीक दिसतं. आत मात्र पिनेला धरून ठेवणारं काही नसतं. रेकॉर्डिस्ट चालू लागला, पिशवी कमरेवर हलली की क्षणभर वीज जाते-येते. रिसीव्हरला परत उभं राहायला लागणारे दोन-तीन सेकंद म्हणजे संवादाची एक ओळ. आवाज तुटला, रेंज गेली, असं सगळे म्हणतात आणि फ्रिक्वेन्सी बदलली जाते. पुढच्या टेकला प्लग योगायोगाने नीट बसलेला असतो, म्हणून फ्रिक्वेन्सी बदलल्याने फरक पडला अशी सगळ्यांची खात्री पटते. चुकीचं निदान अशाच योगायोगांवर पक्कं होत जातं. चार पिनांचा हिरोसे कनेक्टर साउंडमध्ये रूढ झाला त्याला कारण आहे. तो खटकन लॉक होतो, ओढला तरी सुटत नाही, आणि १ नंबरला निगेटिव्ह, ४ नंबरला पॉझिटिव्ह ही जोडणी साउंडवाल्यांत ठरलेली आहे. तरीही नवी केबल मीटर लावून तपासल्याशिवाय साधनाला जोडू नये. प्लस-मायनस उलटे झाले तर साधन दुसरी संधी देत नाही. कोकणातल्या पावसाळी शूटला या सगळ्यात आणखी भर पडते. दमट, खारी हवा पितळी पिनांवर हिरवट थर चढवते, आणि कच्चा डाग दिलेली केबल त्याच दिवसांत दगा देते.

ग्राउंडचा प्रश्न तर ‘डिजिटल’ या शब्दाने झाकलाच गेला आहे. रिसीव्हरला वीज मिळते पॉवर केबलच्या दोन तारांतून, प्लस आणि मायनस. पण त्याच रिसीव्हरची ऑडिओ केबल रेकॉर्डरला गेलेली असते, आणि तिच्या शील्डनेही दोघांचं ग्राउंड जोडलेलं असतं. म्हणजे मायनसला बॅटरीकडे परतायला दोन वाटा आहेत. पॉवर केबलची मायनस पिन सैल झाली तर करंट निमूटपणे ऑडिओच्या शील्डमधून परततो. साधन बंद पडत नाही, दिवा हिरवाच राहतो, फक्त आवाजात बारीक घरघर उतरते. ओळखायची खूण सोपी आहे: ऑडिओ केबल काढल्याबरोबर रिसीव्हर बंद पडला, तर पॉवर केबलची मायनस तुटलेली आहे. शील्डमधून वाहणारा करंट आवाजात कसा शिरतो, हे नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडलं. शील्ड साधनाच्या पत्र्याला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडली, की तिच्यातला प्रत्येक करंट सिग्नलच्या संदर्भालाच हलवतो. ‘पिन वन प्रॉब्लेम’ या नावाने तो दोष जगभर ओळखला जातो, आणि शील्डची जोडणी कशी असावी यासाठी त्याच सोसायटीने २००५ साली एईएस-४८ हे मानक आणलं. कॅमेऱ्यावरचा हॉप रिसीव्हर कॅमेऱ्याच्याच डी-टॅप या पॉवर सॉकेटवरून चालवला आणि आवाजही त्याच कॅमेऱ्यात दिला, की हीच दुहेरी वाट तयार होते. तिथे आयसोलेटेड कन्व्हर्टर लावावा, नाहीतर त्या एका रिसीव्हरला स्वतःची बॅटरी द्यावी. ही दुहेरी वाट तिथेच असते, मग त्या रिसीव्हरकडे येणारी रेडिओलहर अ‍ॅनलॉग असो की डिजिटल.

आता मुख्य आक्षेप. डिजिटल वायरलेसमध्ये नॉइज ऐकूच येत नाही, मग त्याची काळजी कशाला? ऐकू येत नाही, हे खरं. अडचण तिथेच आहे. अ‍ॅनलॉग जोडणी कमजोर होऊ लागली की आधी सुस्कारा, मग खरखर, मग फटके, असा इशारा मिळायचा आणि रेकॉर्डिस्ट टेक संपण्याआधी बूम जवळ घ्यायला सांगू शकायचा. डिजिटल जोडणी शेवटच्या डेसिबलपर्यंत निर्मळ ऐकू येते आणि मग एकदम गप्प होते. पिशवीच्या गोंगाटाने ते शेवटचं टोक सहा डेसिबल जवळ आणून ठेवलं, तरी हेडफोनवर काहीच कळत नाही. कान हे रेकॉर्डिस्टचं जुनं मोजमाप या बाबतीत आता निरुपयोगी आहे. म्हणून पुरेशी शिल्लक ठेवणं आधीपेक्षा जास्त गरजेचं, आणि ती शिल्लक वायरिंगमधून येते.

३२-बिट फ्लोटबद्दलचा समज याच जातीचा. या फाइलमध्ये मावणारा पल्ला कागदावर १५०० डेसिबलहून जास्त आहे, त्यामुळे लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते, हे माइक थेट रेकॉर्डरला जोडलेला असताना मोठ्या अंशी खरं आहे. पण वायरलेसमध्ये रेकॉर्डर हा साखळीचा शेवटचा दुवा. कलाकाराच्या अंगावरच्या ट्रान्समीटरच्या सुरुवातीलाच आवाज फाटला, रिसीव्हरने मध्ये अर्धा सेकंद गाळला किंवा शील्डमधून घरघर मिसळली, तर फ्लोट फाइल तो दोष तितक्याच इमानाने साठवते. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग असेल तर हवेतली तूट भरून निघते, ही त्या सोयीची खरी किंमत आहे आणि ती मी नाकारत नाही. तरी ते रेकॉर्डिंगही सेलवर चालतं. सेल मेला की लहरही गेली आणि फाइलही. शिवाय दिग्दर्शक सेटवर ऐकतो ती हवेतून आलेली प्रत. टेक ओके की नाही हे तिच्यावरून ठरतं. तीच तुटत असेल तर कमरेवरच्या पॅकमधली फाइल धड आहे की नाही, हे कोणालाही पॅकअपनंतरच कळणार.

सगळ्यात वजनदार आक्षेप एका बॅटरीबद्दलचा आहे. सगळी पिशवी एकाच बॅटरीवर टाकली आणि ती गेली तर सगळंच जातं. त्यापेक्षा प्रत्येक साधनाला स्वतःचे सेल बरे. ट्रान्समीटरच्या बाबतीत हे मान्यच, कारण कलाकाराच्या कमरेपर्यंत वायर नेता येत नाही. तिथे अल्कलाइन पेन्सिल सेल टाळावेत, कारण जड भाराखाली त्यांचं व्होल्टेज भराभर उतरतं. लिथियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड घ्यावेत आणि ट्रान्समीटरच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार बरोबर निवडावा. १.२ व्होल्टचा सेल टाकून मेनूत अल्कलाइन ठेवलं तर मीटर सकाळपासूनच चुकीचं सांगत राहतं. पण पिशवीचा हिशेब वेगळा आहे. २४ वॅट गुणिले १२ तास म्हणजे २८८ वॅट-अवर. २००० मिलिअँपिअर-अवरच्या एका पेन्सिल सेलमध्ये असतात २.४. म्हणजे १२० सेल, तेही प्रत्येक साधनात वेगवेगळ्या वेळी संपणारे, आणि प्रत्येक बदलासाठी पिशवी उघडून आतल्या वायरी हलवायच्या. ९८ वॅट-अवरच्या स्मार्ट बॅटरी वापरल्या तर घटीसकट चार पुरतात. त्या उरलेली क्षमता स्वतः सांगतात, आणि १०० वॅट-अवरच्या आत असल्यामुळे विमानात केबिनच्या सामानात नेता येतात.

राहिली एका बिंदूवर सगळं अवलंबून असण्याची भीती. तिचं उत्तर वायरिंगमध्येच आहे: दोन बॅटरींचा इनपुट असलेला डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे एक काढताना दुसरी भार उचलते, प्रत्येक आउटपुटला वेगळा फ्यूज, म्हणजे एक केबल शॉर्ट झाली तरी बाकीची पिशवी जिवंत राहते, आणि रेकॉर्डरमध्ये राखीव बॅटरी, म्हणजे चालू टेकची फाइल नीट बंद होते. फ्यूज हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. लिथियमचा पॅक शॉर्टमध्ये इतका करंट सोडू शकतो की पातळ वायरचं आवरण वितळतं, आणि ही पिशवी माणसाच्या पोटाला बांधलेली असते. एक बॅटरी धोकादायक असं म्हणणाऱ्यांचा खरा रोख बिनफ्यूजच्या, सैल जोडणीच्या पिशवीवर असायला हवा. तिथे मी त्यांच्याच बाजूने आहे.

पॉवर बँक हा पर्याय नेहमी पुढे केला जातो, कारण ती घरात पडलेली असते. तिची रचना फोनसाठी आहे. फोन चार्ज झाला की करंट घटतो आणि बँक स्वतःला बंद करते. टाइमकोड बॉक्ससारखं कमी खाणारं साधन तिला भरलेल्या फोनसारखंच वाटतं. त्याहून फसवी गोष्ट: दोन-तीन पोर्ट असलेल्या अनेक पॉवर बँका दुसऱ्या पोर्टला काही जोडलं की सगळ्या पोर्टची वाटाघाट नव्याने करतात, आणि त्या क्षणी पहिल्या पोर्टची वीज खंडित होते. १२ व्होल्ट मागणाऱ्या ट्रिगर केबलवर रिसीव्हर चालू आहे आणि कोणीतरी शेजारी फोन लावला, एवढ्यानेही टेक गेला. आणि यूएसबी-सीचा प्लग लॉक होत नाही.

शेवटी ‘डबिंगमध्ये बघू’ हे म्हणणं. यावर २००१ च्या ‘लगान’नंतर आपल्याकडे पुष्कळ बोलून झालं आहे. भुजच्या उघड्या माळावर, शेकडो माणसांच्या गर्दीत सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज, घेता येतो, हे त्या चित्रपटाने दाखवलं, आणि ऑडिओग्राफीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. मराठीत हा प्रश्न जास्त निकडीचा आहे, कारण आपले चांगले चित्रपट वारंवार बिगरव्यावसायिक कलाकारांवर उभे राहतात. ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘कोर्ट’ (२०१४) ही ठळक उदाहरणं. ज्या मुलाने आयुष्यात कधी माइक पाहिला नाही, त्याच्या पहिल्या खऱ्या टेकमधली अडखळ, दम, मालवणी किंवा वऱ्हाडी हेल त्याला महिन्यांनी बंद खोलीत पडद्याकडे बघत पुन्हा काढता येत नाही. सराईत नट ते बऱ्यापैकी जमवतो. हा मुलगा नाही जमवणार. त्याचा आवाज लोकेशनवर मिळाला तर मिळाला. डबिंगचा स्टुडिओ, कलाकारांच्या तारखा आणि मिक्सिंगला लागणारा जादा वेळ याचेही पैसे पडतातच, फक्त ते वेगळ्या रकान्यात जातात. म्हणून ते वाचले असं लाइन प्रोड्युसरला वाटतं.

खर्चाबद्दल निर्मात्यांशी सरळच बोलायला हवं. चांगला डिस्ट्रिब्यूटर, चार स्मार्ट बॅटरी, योग्य गेजच्या केबल आणि मूठभर फेराइट यांची एकत्र किंमत वरच्या दर्जाच्या एखाद-दुसऱ्या ड्युअल रिसीव्हरपेक्षा कमीच पडते. तरी रिसीव्हरचं भाडं बजेटात बसतं आणि केबलचं बसत नाही, कारण रिसीव्हर दिसतो, त्याला नाव आणि मॉडेल नंबर असतो. त्याहून कमी खर्चाची आणि जास्त नाकारली जाणारी गोष्ट म्हणजे वेळ. कॅमेरा विभागाला लेन्स तपासायला दिवस मिळतो, तो योग्यच आहे. साउंडला कॉल टाइमच्या आधी पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली दहा लेपल माइक लपवण्यात जातात. सबंध पिशवी चालू करून एकेका साधनासोबत स्कॅन घेणं, प्रत्येक केबल हलवून बघणं, ऑडिओ काढून पॉवर तपासणं, भाराखाली डिस्ट्रिब्यूटरवरचं व्होल्टेज नोंदणं, आणि सगळे ट्रान्समीटर चालू ठेवून लोकेशनच्या टोकापर्यंत चालून येणं, याला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस शेड्यूलमध्ये प्रेप म्हणून लिहिला जावा आणि त्याचं मानधन द्यावं. हे करूनही एखाद्या जागी आवाज तुटला, तर तिथे हवेला दोष देण्याचा हक्क रेकॉर्डिस्टला नक्की आहे, कारण त्याच्याकडे तेव्हा दाखवायला मोजणी असेल.